तिसऱ्या मजल्याचं वळण

आत्याच्या नव्या घरी रविवारी सगळ्यांनी जेवायला जमायचं ठरलं, तेव्हाच भिंगरीनं ओळखलं होतं. जेवण हे नुसतं निमित्त. खरा बेत तिची वाटणी करण्याचा होता.

आजोबांनी उभा केलेला कपाटांचा धंदा आता तिघंजण सांभाळत. कारखाना मोठ्या काकांचा, दुकान आत्याचं, आणि माल घरोघरी पोचवण्याचं खातं बाळकाकांचं. बाळकाकांचे केस पांढरे झाले तरी ते बाळकाकाच राहिले. भिंगरीचे बाबा मधले. भुसा नाकात गेला की त्यांच्या शिंका थांबत नसत, म्हणून त्यांनी दुसऱ्या गावात मास्तरकी धरली आणि धंद्यातून जीव वाचवला. दुकानाच्या पाटीला कोणता रंग द्यायचा यावरून पूर्वी भावंडांत जे महाभारत झालं, त्यानंतर घरात एक अलिखित नियम पडला होता. जेवायला एकत्र बसायचं, पण एकमेकांच्या खात्यात नाक खुपसायचं नाही. मोठ्या काकांनी त्या दिवसापासून दुकानाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आत्या कारखान्यावरून जाताना मान फिरवून जात असे.

भिंगरी कॉलेज संपवून धंद्यात आली, तेव्हा आजोबांनी तिला खुर्ची दिली नाही की हुद्दा दिला नाही. आधी सगळीकडे फिर, मग बघू, एवढंच म्हणाले. त्याप्रमाणे ती काही महिने कारखान्यात राहिली, काही महिने दुकानात, काही महिने बाळकाकांच्या टेंपोत. एका जागी बसत नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव आता नशिबालाच चिकटलं. तिच्या बरोबरीच्या पोरी नोकरीला लागून टेबलावर नावाची पाटी मिरवत होत्या. हिला रंधा मारता येई, पण कुणी सुतार म्हणून ठेवून घ्यावं असा नाही. कपाट विकता येई, पण आत्यासमोर ते विकणं म्हणजे सूर्यापुढे काजवा. टेंपोत तिचा उपयोग एवढाच की ती बारीक होती, हमालांच्या मधे मावत असे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही तर तीन घरची पाहुणी.

आणि आता तिघांनाही ती हवी होती. मोठे काका म्हणत, हात चांगला आहे, माझ्याकडे द्या. आत्या म्हणे, तोंड चांगलं आहे, माझ्याकडे द्या. बाळकाका म्हणत, पोरगी गप्प बसायला शिकलीय, ती माझ्याकडेच बरी.

बाळकाकांच्या म्हणण्याला कारण होतं.

कारखान्यात मोठे काका ‘अखंड’ नावाचं कपाट बनवत. उंचच्या उंच, एकसंध, मधे कुठेही जोड नाही. मोठ्या काकांच्या मते कपाटाला मधे जोड देणं म्हणजे लाकडाशी खोटं बोलणं. आत्या दुकानात हेच वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवून कपाट विकत असे. आणि बाळकाकांचे हमाल तेच कपाट गिऱ्हाइकाच्या जिन्यात उभं करून, इकडेतिकडे बघून, करवतीनं मधोमध कापत. कारण ते वर जातच नसे. शहरातल्या जिन्यांना वळणं होती आणि मोठ्या काकांच्या कपाटांना ती माहीत नव्हती. कापलेले दोन तुकडे वर न्यायचे, पाठीमागून लोखंडी पट्ट्या आणि खिळे मारायचे, कडेनं लाकडी पट्टी बसवून तिला पॉलिश चोळायचं. दारं लावली की समोरून ब्रह्मदेवाच्या बापालाही कळत नसे. टेंपोतल्या पहिल्याच दिवशी भिंगरीनं हे पाहिलं, आणि बाळकाकांनी तिला जिन्यात उभं करून वचन घेतलं. दादाला कळलं तर तो खचून जाईल, म्हणाले. मी हे पाप त्याच्यासाठी करतो.

त्याआधी दुकानात आत्यानंही तिला असंच बाजूला घेतलं होतं. गिऱ्हाईक येऊन सांगत, कपाट कुरकुरतं, वाऱ्यावर डोलतं. आत्याला वाटलं, दादाचं वय झालं, हात थरथरायला लागला. भावाला हे तोंडावर कसं सांगायचं? म्हणून तिनं कारखान्यात निरोप पाठवला की हल्ली लोकांना जाड फळीचं कपाट लागतं. मोठे काका हा निरोप वाचून फणफणले होते, ते भिंगरीनं स्वतः पाहिलं होतं. पण शेवटी दुकान म्हणजे दुकान. त्यांनी फळी जाड केली. कपाट आणखी जड झालं. जड झालं म्हणून बाळकाकांचे हमाल ते पहिल्या मजल्यासाठीसुद्धा कापायला लागले. जास्त कपाटं कापली गेली, जास्त कुरकुरली, आणि आत्यानं फळी आणखी जाड मागितली.

तीन महिने, चार महिने अशा तुकड्यातुकड्यांनी भिंगरीनं हे सगळं पाहिलं होतं. पण प्रत्येक तुकडा तिला वेगळ्या माणसानं शपथ घालून दिलेला. ते तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत, असं तिच्या मनात आलं नव्हतं. नवख्या माणसाला आपण पाहिलेलं काहीतरी महत्त्वाचं असेल असं सहसा वाटत नाही.

*

आत्याच्या नव्या घरासाठी मोठ्या काकांनी स्वतःच्या हातानं एक अखंड केलं. बहिणीचं घर, म्हणून नेहमीपेक्षा चार बोटं उंच. आणि ते घर होतं तिसऱ्या मजल्यावर.

रविवारी सकाळी आजोबा आधीच दम खात खात वर जाऊन बसले होते. आत्या स्वयंपाकघरात होती. आत्याचे यजमान, म्हणजे आतोबा, वर्तमानपत्राआड होते. आतोबा भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा त्यांचा व्यवसाय, आणि बायकोच्या माहेरची माणसं जमली की स्वतः झोपणं हा छंद. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरच्या धंद्याबद्दल त्यांनी अजून एक अक्षर काढलं नव्हतं.

खाली टेंपो आला. बाळकाकांनी भावाला हरतऱ्हेनं सांगून पाहिलं, की तू वर जा, आजोबांपाशी बस, आम्ही आणतो. पण मोठे काका हलेनात. आपलं कपाट गिऱ्हाइकाच्या घरी चढताना ते आयुष्यात पहिल्यांदाच बघणार होते. सासरी निघालेल्या मुलीच्या बापासारखे ते कपाटाच्या मागोमाग, दर पायरीला सूचना देत चढत होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट अडकलं. वरचं टोक छताच्या तुळईला, खालचं कठड्याला, आणि कड भिंतीला. हमालांनी पुढे रेटलं, मागे ओढलं. कपाट ढिम्म.

“बघ,” मोठे काका बाळकाकांना म्हणाले, “इतकं रेटलं तरी एक सांधा बोलला नाही. याला म्हणतात काम.”

बाळकाकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. करवत टेंपोच्या सीटखाली होती, आणि ज्याच्यापासून ती लपवायची तो दादाच शेजारी उभा होता. थोरला हमाल “मालक, ती नेहमीची...” म्हणून सुरुवात करत होता, तेवढ्यात बाळकाकांनी त्याच्या पायावर पाय दिला.

कपाटाखाली कठड्याच्या बाजूला तिरकी फट राहिली होती. त्यातून रांगत जाईल असं खाली एकच माणूस होतं. भिंगरीची रवानगी वर झाली, आत्याला सांगायला की जरा वेळ लागेल. ती निम्म्यात असताना वरून समोरच्या घरातली दाताची डॉक्टरीण आली. तिच्या दवाखान्यात म्हणे एक माणूस तोंड उघडून बसला होता. फटीत दोघी समोरासमोर आल्या. कुणी मागे सरायचं यावर थोडा विचारविनिमय झाला आणि भिंगरी उलटी रांगत परत आली. डॉक्टरीण साडी झटकत उभी राहिली, कपाटाकडे वळून बघितलं, आणि दाढ इतकी घट्ट असती तर बरं झालं असतं असं म्हणून निघून गेली. मोठ्या काकांना ते कौतुकच वाटलं.

भिंगरी पुन्हा रांगत वर गेली. आत्यानं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि तिला स्वयंपाकघराच्या दारामागे ओढलं.

“आज मी दादाला सांगणार आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “जेवणानंतर सांगणार होते, पण आता काय उरलं? ज्या माणसानं सबंध जन्म मापं घेतली, त्याला बहिणीच्या घराचा जिना मापता येईना. बाहेरचा एक कारखाना बघून ठेवलाय मी. मोठी कपाटं तिकडून घेऊ. दादानं आता आराम करावा.”

भिंगरी म्हणाली, आत्या, थोडं थांब. आत्या म्हणाली, मी तीन वर्षं थांबलेय. आणि डोळ्याला पदर लावून पुन्हा भांड्यांकडे वळली. भिंगरीला तिचा राग येईना. आत्या मुद्दाम वाईट वागत असती तर किती सोपं झालं असतं.

खाली जाते तर बाळकाका तिचीच वाट बघत होते. त्यांनी तिच्या कानाशी लागून विनवलं की कसंही करून दादाला दहा मिनिटं इथून ने, चहाला ने, कुठेही ने. पण मोठे काका आता जिन्यात मांडी घालून बसले होते आणि त्यांना एक नवाच प्रश्न पडला होता.

“बाळ्या, इतर वेळी कसं नेता रे?”

बाळकाका म्हणाले, खिडकीतून. दोरानं.

मग आण दोर, मोठे काका म्हणाले. बाळकाका म्हणाले, दोर आज धुवायला टाकलाय. दोर धुतात हे मोठ्या काकांना माहीत नव्हतं; थोरल्या हमालालाही नव्हतं, त्याचा चेहराच सांगत होता. ही खिडकी तर हातभर आहे, मोठे काका विचार करत म्हणाले, हिच्यातून कपाट जाईल कसं? पुढचं खोटं बाळकाकांना सापडत नव्हतं.

एवढ्यात आजोबांनी वरून विचारलं, काय चाललंय. आजोबांना ऐकू कमी येई, पण नको ते बरोबर येई. भिंगरीला पुन्हा वर पाठवण्यात आलं. ती फटीत शिरली, आणि ती निम्म्यात असतानाच आत्या जिन्याच्या तोंडाशी आली आणि कपाटापलीकडच्या भावाशी बोलायला लागली.

“दादा, ऐकतोयस ना? आता पुरे झालं. तुझ्या कपाटांच्या तक्रारी येतात. आज नाही, केव्हापासून येतात. कुरकुरतात, डोलतात. तुझा हात पूर्वीचा राहिला नाही. मला हे जेवण झाल्यावर सांगायचं होतं.”

भिंगरी पाठीवर पडून होती. नाकावर वीतभर अंतरावर कपाटाचा तळ. एका बाजूला तिला आत्याच्या चपला दिसत होत्या, दुसऱ्या बाजूला मोठ्या काकांचे बूट आणि त्यांच्या मागे बाळकाकांचे. माणसं दिसत नव्हती, नुसते पाय. मोठ्या काकांचे बूट जरा वेळ तसेच राहिले. मग त्यांचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना.

“मला कुणी बोललं नाही.”

“कसं बोलणार? म्हणून तर जाड फळी मागत राहिले.”

जाड फळी. भिंगरी त्या तळाकडे बघत राहिली. फळी खरंच जाड होती. ती का जाड होती ते वरच्या चपलांना माहीत होतं, ती कशी जाड झाली ते पुढच्या बुटांना माहीत होतं, आणि जाड झाल्यावर तिचं काय होतं ते मागच्या बुटांना. सगळं मिळून काय होतं, ते या जिन्यात एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस कपाटाखाली सापडलं होतं. बोलावं तर बाळकाकांना दिलेला शब्द मोडतो. न बोलावं तर मोठे काका इथून घरी जातील आणि पुन्हा रंधा हातात धरणार नाहीत. तोंडं दिसत असती तर तिला धीर झाला नसता. पायांसमोर बोलणं सोपं होतं.

“आत्या, काकांचा हात नाही बिघडला,” ती म्हणाली. “कपाटं कापतात.”

“कोण कापतं?”

मागचे बूट एक पायरी खाली उतरले.

मग भिंगरीनं सगळं सांगितलं. कपाट वळणावर जात नाही म्हणून कापतात, कापलं म्हणून कुरकुरतं, कुरकुरतं म्हणून आत्या जाड फळी मागते, जाड फळीनं ते जड होतं, आणि जड झालं म्हणून आणखी कापावं लागतं. कुणीही वाईट केलं नाही, ती म्हणाली, तिघांनीही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणूनच केलं. सांगता सांगता तिचं तिलाच नवल वाटत होतं, की हे इतकं साधं होतं आणि इतके महिने आपण याच्या भोवती नुसतं फिरत होतो.

मोठ्या काकांचे बूट हळूहळू मागे वळले.

“बाळ्या,” शेवटी मोठे काका म्हणाले, “कसली करवत वापरतोस?”

*

करवत वर आली. मोठ्या काकांनी तिच्या दातांवरून बोट फिरवलं आणि हिनं लाकूड कापतात की पाठ खाजवतात, असं विचारलं. कपाट कापल्याचा राग त्यांना कुठे आणि किती आला होता ते दिसत नव्हतं. बोथट करवतीचा मात्र भयंकर आला होता. नंतर खिळ्यांचा विषय निघाला आणि मग जे काही झालं ते जिन्यातल्या सगळ्या मजल्यांनी ऐकलं. माझ्या कपाटाला खिळे, असं ते तीनतीनदा म्हणाले. आत्या वरून म्हणाली की बाळ्यानं तिलाही फसवलं. बाळकाका म्हणाले, ताई, तू जिन्यांचं माप न विचारता कपाटं विकतेस, मग मी काय डोक्यानं जिने रुंद करू? पाटीच्या रंगाचं जुनं भांडण तोंडी लावायला आलंच. कपाट मधे होतं म्हणून बरं; एकमेकांचे चेहरे दिसत नसल्यानं तिघांनीही वर्षानुवर्षांचं साठलेलं मन मोकळं केलं.

“मला सांगितलं का नाही कुणी?” मोठे काका म्हणाले.

“तू ऐकलं असतंस?” आत्यानं विचारलं.

मोठ्या काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी बाही वर केली आणि कपाट स्वतः कापलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाळकाका दिवा धरून उभे होते आणि मधून मधून, जरा भीत भीत, आम्ही अमुक ठिकाणी कापतो असं सुचवत होते. एकदा मोठे काका थांबले, खालच्या फळीकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, इथे आधीच दोन भाग करून लाकडी खुंट्या ठेवल्या तर खिळा लागणार नाही. बाळकाका म्हणाले, मी हेच केव्हापासून... आणि भावाच्या नजरेला नजर भिडताच पुढचं गिळलं.

कापून झाल्यावर अर्ध्या कपाटावरून चढून मोठे काका वर आले. आत्या दारात उभी होती. त्यांनी तिच्यासमोर उजवा हात सरळ धरला. हात दगडासारखा स्थिर होता.

“थरथरतो वाटलं तुला?” ते म्हणाले. हात हलला नाही, आवाज मात्र हलला.

आत्यानं त्यांच्यापुढे सगळ्यात आधी ताट ठेवलं आणि ते नको नको म्हणत असताना दोनदा वाढलं.

जेवण गार झालं होतं. पानं निम्मी झाल्यावर आजोबांनी भिंगरीच्या वाटणीचा विषय काढला. कालपर्यंत तिला तीन मागण्या होत्या. आता मोठे काका म्हणाले, एवढं सगळं माहीत असून जी पोरगी मला एक अक्षर बोलली नाही, ती माझ्याकडे नको. बाळकाका म्हणाले, वचन मोडणारं माणूस टेंपोत नको. आत्या म्हणाली, माझ्या दुकानात तर नकोच, ही कपाटाखालून बोलते. भिंगरी मान खाली घालून जेवत होती. एका सकाळीत तिनं तीन नोकऱ्या घालवल्या होत्या, आणि त्याही घरच्या.

तेव्हा आतोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, त्यांना पाणी हवंय.

“शस्त्रक्रियेच्या वेळी सगळे जण कापलेल्या जागेकडे बघत असतात,” ते म्हणाले. “माणूस जिवंत आहे का, हे बघणारा एक लागतो. तो काही कापत नाही, शिवत नाही. उशाशी बसतो. सर्जनला तो फारसा आवडत नाही.” एवढं बोलून त्यांनी खरंच पाणी मागितलं.

आजोबांनी कानामागे हात धरला होता. त्यांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. ते म्हणाले, तिला कुठल्याच खात्यात ठेवू नका. तिचं फिरणं चालू राहू दे. फक्त आता ती बघेल ते तिघांनाही सांगेल, आणि तिघांना एकत्र बसवून सांगेल. मोठे काका म्हणाले, हे कसलं काम? याला नाव काय? आजोबा म्हणाले, नाव सुचेपर्यंत तरी करू दे.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कितीतरी वर्षांत प्रथमच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं: ही पोरगी डोक्याला ताप होणार आहे.

*

पुढच्या आठवड्यात एका नव्या गिऱ्हाइकाचा जिना बघायला जायचं होतं. भिंगरी टेप घेऊन टेंपोत चढली, तर मोठे काका आधीच आत बसलेले. आपण का आलो ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाळकाका टेंपो चालवत होते.

जिना अरुंद होता. मोठे काका कठडा धरून, दर वळणावर थांबून, भिंतीला तळहात लावून बघत चढत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांचा भाता चालला होता. भिंगरीनं घंटा वाजवली. दार एका तरुण बाईनं उघडलं. तिच्या कडेवर मूल होतं, आणि मागच्या छोट्या खोलीत खुर्चीवर, पलंगावर, खिडकीच्या दांडीवर, जागा मिळेल तिथे कपडे रचलेले होते. मोठे काका त्या खोलीकडे बघतच राहिले. सबंध आयुष्य त्यांनी कपाटं केली, पण कपाट नसलेलं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाईनं दुकानात भेटलेल्या भिंगरीला ओळखलं, आत बोलावलं. मग पांढऱ्या मिशांच्या, धापा टाकणाऱ्या या गृहस्थांकडे बघून विचारलं, “आणि आपण कोण?”

मोठ्या काकांनी तोंड उघडलं. कारखान्यात हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“मी?” ते म्हणाले. “मी हिच्याबरोबर आलोय.”